मोठं शहर सोडून मिडवेस्टच्या लहान गावात जावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात आठ-दहा वर्षं काढलेली मराठी कुटुंबं इंडियाना, आयोवा, विस्कॉन्सिनमधल्या लहान गावांचा विचार करू लागली, की आम्हाला फोन करतात. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भागातून इंडियानातल्या कोलंबसला आलो आणि इथेच राहिलो. हे ओहायोचं कोलंबस नव्हे. ते राजधानीचं मोठं शहर आहे. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र देते आहे.

सगळ्यात आधी कशाचा विचार करावा?

घराच्या किमतीचा नाही. नवरा-बायकोपैकी ज्याला नव्या गावात कंपनीने बोलावलेलं नाही, त्याच्या दिवसाचा आधी विचार करा.

ज्याला नोकरी मिळाली आहे त्याला पहिल्याच सोमवारी ऑफिस असतं, डबा खायला माणसं असतात, संध्याकाळी घरी सांगायला काहीतरी असतं. दुसऱ्याच्या वाट्याला रिकामं घर येतं. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार डोळ्यासमोर आणा. मुलं शाळेत गेलीत, बाहेर चिखल झालेलं बर्फ आहे, एकच गाडी आहे आणि ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी आहे. सकाळी नऊ ते दुपारी तीन तो किंवा ती काय करणार? कोणाला भेटणार? याचं खरं उत्तर तुमच्याकडे असेल तर बाकीचे बहुतेक प्रश्न सुटण्यासारखे असतात. उत्तर नसेल तर चार बेडरूमचं घरही खायला उठतं.

म्हणून मला फोन करणाऱ्यांना मी एकच विनंती करते: स्पीकर सुरू करा, दोघांनी बोला. ‘ती ॲडजस्ट होईल’ हे वाक्य तिच्या तोंडून आलेलं असेल तरच मी ते धरते.

अशा गावांत मराठी माणसं पोचली तरी कशी?

बहुतेक ठिकाणी एखाद्या मोठ्या कंपनीमुळे किंवा इस्पितळामुळे. कोलंबसची वस्ती ५० हजारांच्या आसपास. इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी १९१९ मध्ये इथे सुरू झाली आणि मुख्यालय आजही इथेच आहे. पुण्याशी तिचं नातं १९६२ पासूनचं, कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्सपासूनचं. कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ मध्ये निघालं, तेही अनेकींच्या ओळखीचं. त्यामुळे इथल्या किराणा दुकानात पुणेरी मराठी कानावर पडते, याचं आता कोणाला नवल वाटत नाही.

असंच इलिनॉयच्या मोलीनचं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरचं मुख्यालय तिथे आणि मोठं केंद्र पुण्याच्या मगरपट्ट्यात. मिनेसोटातल्या रोचेस्टरला मेयो क्लिनिक, मॅडिसनजवळच्या व्हेरोनात इस्पितळांची सॉफ्टवेअर बनवणारी एपिक, ब्लूमिंग्टन-नॉर्मलला स्टेट फार्म विमा कंपनी. ‘मिडवेस्टचं लहान गाव’ म्हणताना अशी गावं एका बाजूला आणि जवळपास कुठलीच मोठी कंपनी नसलेलं खेडं दुसऱ्या बाजूला. भारतीय कुटुंबासाठी या दोघांत फार मोठं अंतर आहे. खाली लिहिलंय ते मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

घर खरंच इतकं स्वस्त पडतं?

किंमत कमी, यात वाद नाही. मध्य न्यू जर्सीत ज्या पैशात दोन-तीन बेडरूमचं टाउनहाऊस मिळतं, त्यात इथे तळघर, अंगण आणि दोन गाड्यांचं गॅरेज असलेलं स्वतंत्र घर येतं. पण खरी तुलना दरवर्षी जाणाऱ्या पैशांची करा.

न्यू जर्सीत घरपट्टीचं सरासरी बिल २०२४ मध्ये वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेलं. इंडियानात तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराची घरपट्टी कर आकारणीसाठी ठरवलेल्या किमतीच्या १ टक्क्यापर्यंतच घेता येते. ही मर्यादा इंडियाना राज्याच्या घटनेत घातलेली आहे. भाड्याने दिलेल्या घराला ती २ टक्के होते. शाळेसाठी लोकांनी मतदानाने मंजूर केलेला जादा कर मात्र या मर्यादेत धरत नाहीत. शेजारच्या इलिनॉयमध्ये अशी मर्यादा नाही आणि तिथली घरपट्टी देशातल्या सर्वात जड घरपट्ट्यांपैकी आहे. म्हणजे ‘मिडवेस्ट स्वस्त’ असं सरसकट धरून चालू नका, राज्य बघा.

घर घेतल्यावर काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) ऑडिटरकडे होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घराच्या करसवलतीचा, अर्ज गेला आहे याची खात्री करा. घर घेताना कागदांचा इतका ढीग असतो की हा एक सहज मागे राहतो, आणि मग पुढच्या वर्षीचं बिल पाहून धक्का बसतो.

इंडियानात राज्याच्या आयकराशिवाय काउंटीचाही आयकर आहे, आणि १ जानेवारीला तुम्ही कुठे राहता-काम करता यावर त्या वर्षाचा हिशेब ठरतो. वर्षअखेरीस येणार असाल तर जानेवारीत आलेलं परवडतं का, हे कर सल्लागाराला विचारून घ्या.

घर पाहताना आपल्या लोकांच्या काय नजरेतून सुटतं?

तळघर. अपार्टमेंटमध्ये राहिलेल्या माणसाला तळघर म्हणजे मुलांची खेळायची जागा आणि पाहुण्यांची खोली वाटते. मी आधी कोपऱ्यातला खड्डा शोधते. त्यात संप पंप असतो. जमिनीत मुरून आलेलं पाणी तो बाहेर फेकतो. वादळात वीज जाते, नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात जास्त येतं, आणि विजेवरचा पंप त्याच वेळी बंद पडतो. म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप आहे का ते विचारा. नसेल तर तो खर्च धरूनच बोली लावा. तळघराच्या भिंतीच्या तळाशी पांढरट क्षार फुटलेले दिसले, किंवा एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर पाण्याबद्दल थेट प्रश्न करा.

दुसरं रेडॉन. जमिनीतून घरात येणारा हा किरणोत्सारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांमध्ये अमेरिकेत धूम्रपानाखालोखाल त्याचाच नंबर आहे. मिडवेस्टच्या बऱ्याच भागात तो जास्त आढळतो. आयोवाच्या तर सगळ्याच काउंट्या सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत. मोजणी ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्यावर आली तर उपाय करायला सांगतात. उपाय अवघड नाही: जमिनीखालून एक पाइप काढून पंख्याने वायू छपराबाहेर सोडतात. साधारण हजार-दोन हजार डॉलरचं काम. शेजारच्या घरात कमी निघाला म्हणून तुमच्याकडे कमी असेल असं नाही. प्रत्येक घराची मोजणी वेगळी करायची.

तिसरं पूर. ७ जून २००८ ला कोलंबसमध्ये हॉ क्रीक हा एरवी लक्षातही न येणारा ओढा इतका फुगला की गावातलं मोठं इस्पितळ रिकामं करावं लागलं आणि ते काही महिने बंद राहिलं. नेहमीच्या घर विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. सरकारी पूर-नकाशावर पत्ता टाकून पाहाच, आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना २००८ मध्ये पाणी कुठवर आलं होतं तेही विचारा. ते बोट दाखवून सांगतात.

गावाबाहेर विहिरीच्या पाण्यावरचं घर घेणार असाल तर नायट्रेटची तपासणी हवीच. मक्याच्या शेतांना घातलेलं खत पाण्यात उतरतं. डे मॉइनसारख्या शहराला नदीच्या पाण्यातलं नायट्रेट काढायला खास यंत्रणा चालवावी लागते, आणि २०२५ च्या जूनमध्ये तर नायट्रेट इतकं वाढलं की लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी केली होती. तान्हं बाळ असलेल्या घरात हा विषय पुढे ढकलू नका.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहोत. गाव बदलता येतं का?

येतं, पण क्रम चुकता कामा नये. कामाची जागा सध्याच्या महानगर क्षेत्राबाहेर जात असेल, तर तुम्ही तिथे काम सुरू करण्याआधी कंपनीला सुधारित एच-१बी अर्ज दाखल करावा लागतो. २०१५ च्या एका निर्णयानंतर यात संदिग्धता उरलेली नाही. ‘मी तर घरून काम करतो, माझं ऑफिस न्यू जर्सीतच आहे’ असं पुष्कळ जण म्हणतात. घरून काम करत असाल तर घर हीच तुमची कामाची जागा. आधी व्यवस्थापकाला कळवून, सामान हलवून, मग वकिलाला विचारणं हे उलटं झालं.

ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर आणखी जपून. पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कामगार खात्याकडून कंपनीने घ्यायचं प्रमाणपत्र, हे ठरावीक कंपनीतल्या, ठरावीक ठिकाणच्या कामासाठी असतं. कंपनी बदलली, किंवा त्याच कंपनीत लांबच्या गावी कायमची बदली झाली, की साधारणपणे पर्म आणि आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) नव्याने करावं लागतं. आधीचा आय-१४० मंजूर झालेला असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, सहसा टिकते, आणि भारतीयांच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची. आय-४८५ (ग्रीन कार्डचा तुमचा शेवटचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामावर जाता येतं. जोडीदाराच्या एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर्क परमिटची मुदतही त्याच बैठकीत विचारा. ते परमिट तुमच्या आय-१४० च्या मंजुरीवर किंवा सहा वर्षांपुढच्या मुदतवाढीवर अवलंबून असतं.

वकिलाचा लेखी होकार हातात येईपर्यंत भाडेकरार मोडू नका. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो, कुटुंबातल्या प्रत्येकाचा.

गावात एकच मोठी कंपनी. उद्या नोकरी गेली तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी शहाणा समजते. इलिनॉयचं पिओरिया आठवा. बुलडोझरसारखी यंत्रं बनवणारी कॅटरपिलर म्हणजे पिओरिया असं समीकरण पिढ्यान् पिढ्या होतं. कंपनीने २०१७ मध्ये मुख्यालय शिकागोजवळच्या डिअरफिल्डला नेलं आणि २०२२ मध्ये टेक्ससला हलवण्याची घोषणा केली. कारखाने आणि हजारो नोकऱ्या पिओरियात राहिल्या, पण ‘ही कंपनी इथून कुठे जाणार’ ही खात्री गेली.

एच-१बी वर नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. एडिसनमध्ये त्या ६० दिवसांत घर न हलवता दहा ठिकाणी मुलाखती देता येतात. इथे तसं नाही. म्हणून नकाशा घ्या आणि गावापासून रोज जाऊन-येऊन होईल अशा एका तासाच्या अंतरात तुमच्या कामाच्या किती कंपन्या आहेत ते मोजा. मग हेच जोडीदाराच्या कामासाठी करा. कोलंबसहून इंडियानापोलिस सुमारे ४५ मैल, सरळ आय-६५ वरून. ते अंतर नसतं तर आम्ही इथे घर घेतलंच नसतं. दोघांच्याही यादीत दुसरं नाव सापडत नसेल, तर घर विकत घेऊ नका. भाड्याने राहा आणि हाताशी पैसा ठेवा.

घरून काम करणाऱ्यांनी कंपनीला आधी विचारावं: गाव बदललं तर पगार कमी करता का? पुष्कळ कंपन्या करतात. आणि ऑफिसला परत बोलावलं तर काय, याचंही उत्तर घरात ठरलेलं असावं.

जोडीदाराला काम मिळेल का?

काम मिळतं, फक्त मोठ्या शहरातल्यासारखं हुद्द्याच्या नावाने शोधून मिळत नाही. इस्पितळ, शाळा, काउंटीचं ऑफिस, कम्युनिटी कॉलेज, ग्रंथालय हे लहान गावात नोकरी देणारे खरे. बदली शिक्षकांची टंचाई जवळपास सगळीकडे आहे. माझ्या ओळखीत एक जण मुंबईत आर्किटेक्ट होती. ती इथे ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून जायला लागली, तिथल्या ओळखीतून तिला एका छोट्या फर्ममध्ये काम मिळालं. कोलंबसचं ते ग्रंथालय १९६९ चं, नामवंत आर्किटेक्ट आय. एम. पेई यांचं, आणि रस्त्यापलीकडचं चर्च १९४२ चं, एलिएल सारिनेन यांचं. एवढ्याशा गावात अशी वास्तुकला असण्याचं कारण म्हणजे कमिन्सच्या प्रतिष्ठानने सार्वजनिक इमारतींच्या आर्किटेक्टची फी स्वतः भरायची पद्धत पाडली. तिच्यासाठी हे गाव पुस्तकातून बाहेर आल्यासारखं होतं.

वर्क परमिट नसेल तर वेळ भरून काढायला गावात काय आहे हे आधी शोधा: कॉलेजचे वर्ग, पोहण्याचा तलाव, लहान मुलांचे गट. आणि दुसरी गाडी पहिल्या महिन्यात घ्या. या एका गोष्टीत काटकसर नको.

थंडी सोसेल का?

न्यू जर्सीहून आलात तर इंडियानाची थंडी अंगवळणी पडते. आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा ही पुढची पायरी. ३१ जानेवारी २०१९ ला इलिनॉयच्या माउंट कॅरोलला उणे ३८ फॅरनहाइट नोंदलं गेलं, तो त्या राज्याचा विक्रम आहे.

मला थंडीपेक्षा उजेड कमी असल्याचा त्रास जास्त वाटतो. इंडियानाचा मोठा भाग ईस्टर्न वेळेत आहे, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आठच्या सुमाराला उगवतो. मुलं काळोखात स्कूल बसची वाट बघतात. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ सलग राखाडी. बे एरियातून येणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. त्यांना बर्फाची कल्पना असते, या राखाडीची नसते. ज्यांनी घराबाहेरचा एखादा रोजचा उद्योग ठरवून ठेवला, त्यांचा हिवाळा सरतो.

गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, मोबाइलचा चार्जर आणि अर्ध्याच्या वर पेट्रोल. इंडियानात काउंट्या प्रवासाचे इशारे रंगाने देतात: पिवळा, नारिंगी, लाल. लाल असेल तर रस्ते फक्त आणीबाणीच्या गाड्यांसाठी. ऑफिसने सुट्टी दिली नाही म्हणून लाल रंगात गाडी काढू नका.

टोर्नेडोची भीती वाटते.

वाटणं योग्य आहे, आणि तयारी असली की ती आटोक्यात राहते. दोन शब्द घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनाही, पाठ हवेत. टोर्नेडो वॉच म्हणजे तसं हवामान तयार झालंय, लक्ष ठेवा. टोर्नेडो वॉर्निंग म्हणजे टोर्नेडो दिसलाय किंवा रडारवर आलाय, आत्ता खाली जा. तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची, खिडक्या नसलेली, मधली खोली. बहुतेक घरांत बाथरूम किंवा जिन्याखालचं कपाट.

आमच्या तळघरात जिन्याखाली एक पिशवी कायम भरलेली असते. पासपोर्ट आणि आय-७९७ (व्हिसा मंजुरीचे कागद) प्लॅस्टिकच्या पाकिटात, औषधं, पाणी, पॉवर बँक, मुलांची सायकलची हेल्मेटं. आणि प्रत्येकाचे जुने बूट. रात्री दोनला सगळे अनवाणी खाली धावतात, आणि घराला काही झालं तर वर परत जाताना पायाखाली काचा असतात. सायरन बाहेरच्या माणसांसाठी असतो, बंद घरात झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. बॅटरीवरचा वेदर रेडिओ घ्या आणि फोनवरचे इशारे बंद करू नका.

टोर्नेडोशिवाय डेरेचोही असतो, सरळ रेषेत शेकडो मैल जाणारं वाऱ्याचं वादळ. १० ऑगस्ट २०२० ला आयोवातल्या सीडर रॅपिड्सवरून गेलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत असावा असा अंदाज काढला गेला, आणि बऱ्याच घरांत कित्येक दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टरची सवय असलेल्या आपल्या लोकांना छोटा जनरेटर घेताना एक सांगणं: तो घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवायचा नाही. त्याच्या धुराने माणसं झोपेतच जातात.

किराणा आणि भाजीचं काय?

कंपनीच्या गावात एखादं छोटं भारतीय दुकान सहसा असतं. तूरडाळ, कणीक, पोहे, साबुदाणा मिळतो. ताजी मेथी, अळू, गवार, ओला नारळ, सुरमई यांसाठी मोठ्या शहराची फेरी.

ही फेरी इथल्या जगण्याचाच भाग होते. शनिवारी सकाळी डिकीत दोन कूलर आणि जुन्या चादरी टाकायच्या. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज: इंडीला (इंडियानापोलिसला) चाललोय, कोणाला काय आणायचं? कोणाला चितळ्यांची बाकरवडी, कोणाला दहा पौंड कांदा, कोणाला उकडीच्या मोदकांची पिठी. परत येताना चार दारांवर थांबायचं, आणि त्यातल्या एका दारी तरी चहा होतोच. एडिसनच्या ओक ट्री रोडवर राहत असताना दुकान पाच मिनिटांवर होतं, शेजारच्या मराठी घराशी मात्र ओळखही नव्हती.

मे ते सप्टेंबर अंगणात कोथिंबीर, मेथी, मिरच्या, दुधी भरभरून येतो. इथली काळी माती फार चांगली आहे. शेवटचं दहिवर (फ्रॉस्ट) साधारण मेतल्या मदर्स डेपर्यंत पडू शकतं, तोवर टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर लावू नयेत.

मराठी मंडळ, गणपती, मराठी शाळा?

मंडळं मोठ्या शहरांत. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१७ चं अधिवेशन मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्सला झालं, म्हणजे मिडवेस्ट काही आडबाजूला नाही. लहान गावात मात्र मंडळ म्हणजे दहा-पंधरा घरं. गणपती कोणाच्या तरी तळघरात किंवा कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, आरतीला तेलुगू आणि गुजराती शेजारीही टाळ्या वाजवतात, विसर्जन अंगणातल्या टबात.

याची एक बाजू नीट समजून घ्या. इथे आयतं काही मिळत नाही. एडिसनमध्ये कार्यक्रमाचं तिकीट काढलं की झालं. इथे तुम्हीच खुर्च्या मांडणार, तुम्हीच मुलांचं नाटक बसवणार. ज्यांना याची हौस आहे त्यांचा इथे जीव रमतो. ज्यांना आठवडाभराच्या कामानंतर फक्त पाहुणा म्हणून जायला आवडतं, आणि त्यात गैर काही नाही, त्यांना दोन वर्षांत कंटाळा येतो. शिवाय दहा-पंधरा घरांत एखाद्याशी बिनसलं तर टाळायला जागा नसते.

मुलांच्या शाळेचं कसं?

शाळा चांगल्या आहेत, स्पर्धा कमी आहे, आणि मुलाला बँड, पोहणं, नाटक यांत संघात घेतलं जाण्याची शक्यता जास्त. प्रगत गणिताचे वर्ग किंवा आवडीची परदेशी भाषा गावातल्या हायस्कूलमध्ये आहे का, हे मात्र विषयांची यादी मागवून तपासा.

वर्गात आपलं मूल एकटंच भारतीय असू शकतं. पाच वर्षांच्या मुलाला त्याचं फारसं काही वाटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला वाटतं. सातवीच्या पुढची मुलं असतील तर त्यांना गाव दाखवल्याशिवाय, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

कॉलेजच्या दृष्टीने राज्य महत्त्वाचं. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून फी वाढवलेली नाही. राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाची फी १० हजार डॉलरच्या किंचित आत आहे. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. मूल एच-४ वर असेल तर राज्याच्या दरात प्रवेश मिळतो का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या, आणि २१ व्या वर्षी ते तुमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर पडू शकतं, हे गाव कुठलंही असलं तरी लक्षात ठेवा.

लोक कसे आहेत? भेदभाव होतो का?

लोक मदतीला धावतात. पहिल्या बर्फात शेजारी न विचारता तुमच्या ड्राइव्हवेवरून यंत्र फिरवून जातो. पहिल्याच ओळखीत ‘तुम्ही कुठल्या चर्चला जाता?’ असं विचारतात. बहुतेक वेळा त्यात खोच नसते, आम्ही हिंदू आहोत असं सरळ सांगितलं की पुढचे प्रश्न सणांबद्दल आणि जेवणाबद्दल येतात. पण ओळख झाली आणि घरी बोलावणं आलं, यांत बराच काळ जातो. त्यांचे मित्र बालवाडीपासूनचे आहेत, त्यात जागा व्हायला वेळ लागतो.

भेदभावही होतो. दुकानात रोखलेली नजर, गाडीतून फेकलेला शब्द, असं अधूनमधून घडतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरची वंशद्वेषातून हत्या झाली. त्या वेळी मध्ये पडलेल्या एका स्थानिक तरुणालाही गोळी लागली. मिडवेस्टमधल्या प्रत्येक भारतीय घरात ही घटना माहीत आहे, आणि तिचे दोन्ही भाग माहीत आहेत. गाव निवडताना तिथल्या भारतीय, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबांशी बोला. कंपनीच्या एचआरकडून मिळणारं उत्तर पुरेसं नाही.

आई-बाबा आले की त्यांना करमेल का?

हा माझ्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. एडिसनमध्ये बाबा चालत देवळात जात, बाकावर चार माणसं भेटत. इथे बऱ्याच वसाहतींना पदपथही नाही, आणि गाडीशिवाय दाराबाहेर पडणं अवघड. त्यांना मे ते ऑक्टोबरमध्ये बोलवा. घर निवडताना पायी जाता येईल असं ग्रंथालय किंवा बाग शोधा. शंभर चौरस फूट कमी झाले तरी चालेल. दुसऱ्या घरचे आजी-आजोबाही त्याच काळात येणार असतील तर तारखा जुळवा. आमच्याकडे एका उन्हाळ्यात तीन घरांचे आजोबा रोज दुपारी पत्ते खेळायचे. माझे सासरे त्या वर्षी पहिल्यांदा परतीचं तिकीट पुढे ढकला म्हणाले.

विमानाचं म्हणाल तर न्यू जर्सीचं थेट मुंबईचं सुख विसरायचं. इंडियानापोलिसहून एक-दोन ठिकाणी विमान बदलावं लागतं, किंवा शिकागोपर्यंत गाडीने. वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर मदत तिकिटातच नोंदवून घ्या.

दवाखान्याची सोय?

रोजच्यासाठी पुरेशी. तज्ज्ञ डॉक्टरांसाठी थांबावं लागतं किंवा मोठ्या शहरात जावं लागतं. गरोदर असाल, किंवा घरात दीर्घ आजार असेल, तर विमा कुठल्या इस्पितळात चालतो आणि प्रसूती विभाग सुरू आहे का, हे आधी विचारा; ग्रामीण इस्पितळांमधले प्रसूती विभाग गेल्या काही वर्षांत बरेच बंद झाले आहेत.

जाण्याआधी गाव पाहायचं तर कधी आणि कसं?

कंपनी तुम्हाला ऑक्टोबरमध्ये बोलावेल, झाडं लाल-पिवळी असताना. तुम्ही फेब्रुवारीत स्वतःच्या खर्चाने पुन्हा या. आयोवाकडे जाणार असाल तर ऑगस्टमध्येही. तिथे माणसांच्या सातपट डुकरं पाळली जातात, आणि वारा कुठून येतो त्यावर संध्याकाळी अंगणात बसता येईल की नाही ते ठरतं.

हॉटेलात नको, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. एक दिवस ज्याला नोकरी नाही त्याने एकट्याने काढावा: ग्रंथालय, किराणा, शाळेचं ऑफिस, कॉफी. रात्री दोघांनी बोलावं.

आलो आणि नाहीच जमलं तर?

पहिलं वर्ष भाड्याने राहिलात तर परतणं सोपं राहतं. लगेच घर घेतलंत आणि दोन-तीन वर्षांत विकलंत तर दलाली आणि कर्जाचा खर्च बहुतेक अंगावर येतो, कारण लहान गावात गिऱ्हाईक मोजकं आणि किमती सावकाश वाढतात. मोठ्या शहरातलं घर स्वतःचं असेल तर ते लगेच विकू नका. वर्षभर भाड्याने देता येतं का पाहा. मात्र आधी राहत्या घरावरच्या भांडवली नफ्याच्या सवलतीचा नियम समजून घ्या: विकण्याआधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिलेलं असायला हवं. म्हणजे भाड्याने देण्याची मुदत तीन वर्षांच्या आत ठेवायची.

आणि परत जाण्याची तारीख आताच बोलून ठेवा. ‘दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बसून ठरवू’ असं दोघांत ठरलेलं असलं, की पहिल्या जानेवारीत एकाने रडून आणि दुसऱ्याने गप्प बसून निर्णय घ्यायची वेळ येत नाही. एप्रिल मी मुद्दाम म्हणते. तोवर शाळेच्या प्रवेशाला आणि भाडेकराराची नोटीस द्यायला वेळ असतो.